रॅमचे चारही स्लॉट भरावेत, की दोन मोठ्या स्टिक घ्याव्यात?

पीसीत रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक आहेत आणि ३२ जीबी करायचे आहेत. मग एक तर तशाच आणखी दोन आणून चारही स्लॉट भरायचे, नाहीतर जुन्या काढून १६-१६ची जोडी घ्यायची. पैशाच्या हिशेबाने पहिली वाट सोयीची, यात वाद नाही. जुनी रॅम विकायला गेलं की भाव पाडूनच मागतात.

पण रॅम सांभाळणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्ये असतो आणि चार स्टिकचा भार त्यालाच पेलावा लागतो. रायझन ७००० प्रोसेसरला दोन डीडीआर५ (रॅमची नवी पिढी; डीडीआर४ आधीची) स्टिकवर एएमडी ५२०० एमटी/सेकंदपर्यंतचा अधिकृत स्पीड देते, चार लावल्या की ३६००. पाकिटावरचा ६००० हा एक्स्पो किंवा एक्सएमपीचा (रॅम कंपनीने स्टिकमध्ये साठवलेली वेगवान सेटिंग), म्हणजे अधिकृत मर्यादेवरचा ओव्हरक्लॉकच. डीडीआर४वर दरी एवढी नाही: रायझन ५०००ला दोन सिंगल रँक (चिपचा एकच संच असलेल्या) स्टिकवर ३२००, चारवर २९३३. त्यामुळे डीडीआर४वाल्यांचं चारवर बहुधा निभावतं.

माझा निर्णय मात्र स्पीडवरून झाला नाही. चार स्टिकमध्ये दोष कुणाचा हेच कळत नाही, हा त्रास मला सगळ्यात जड गेला. एकेक स्टिक ए२मध्ये, म्हणजे प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून मेमटेस्टचे (रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमचे) चार पास, म्हणजे चार फेऱ्या, करा, एकही एरर येत नाही. चारही एकत्र लावा, तिसऱ्या पासला लाल ओळी. झिप उघडताना सीआरसी एरर (फाइल बिघडल्याची खूण) येते, व्हिडिओचा रेंडर अर्ध्यावर तुटतो, निळी स्क्रीन दर वेळी नवं कारण सांगते. बदलून काय मागणार? दुकानदाराच्या टेबलावर प्रत्येक स्टिक चालतेच. शिवाय तेच मॉडेल वर्षभराने घेतलं तर आतल्या चिप वेगळ्या असू शकतात.

आपल्या किनाऱ्यावर खाऱ्या, दमट हवेची भर पडते. एका स्टिकला २८८ कॉन्टॅक्ट, चारला ११५२. पावसाळ्यात आठ-दहा दिवस बंद राहिलेला पीसी चालू होईना, तर आधी स्टिक काढून कॉन्टॅक्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोडरबर घासू नका, सोन्याचा पातळ मुलामा निघतो.

चार लावून बसला असाल तर लगेच हार मानू नका. बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा. एका किटची, म्हणजे एका पाकिटातली, जोडी ए२-बी२मध्ये (दुसरा आणि चौथा स्लॉट), दुसरी ए१-बी१मध्ये ठेवा. एक्सएमपी बंद करून रात्रभर मेमटेस्ट लावा. तो स्वच्छ गेला तर स्टिक ठीक आहेत, ताण कंट्रोलरवर आहे. मग डीडीआर४ असेल तर एक्सएमपी लावून व्होल्टेज १.३५ ठेवा, कमांड रेट (आदेशाला दिलेला वेळ) २टी करा आणि स्पीड ३२००वरून २९३३, तरी जमलं नाही तर २६६६वर आणा. एक एररसुद्धा चालवून घेऊ नये. चुकीचा बिट फाइलमध्ये गेला की तो तिथेच राहतो. डीडीआर५वर चार स्टिक लावल्यावर पहिल्या बूटला मेमरी ट्रेनिंग (रॅमशी वेळ जुळवून घेणं) चालतं, स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. त्या वेळी पॉवर बटण दाबू नका.

चारच हव्यात तर एकाच पाकिटातलं चारचं किट घ्या, मदरबोर्डच्या यादीत ते चार स्टिकसाठी तपासलेलं आहे का बघून. नवी खरेदी असेल तर मी दोनवरच थांबेन. डीडीआर५मध्ये ४८-४८ची जोडीही मिळते, म्हणजे ९६ जीबीपर्यंत दोन स्लॉटमध्येच भागतं.