लकव्याचा झटका आला तर कुठे न्यायचं? सीपीआर, खासगी की तालुक्याचा दवाखाना

घरात बीपी-शुगरचं, साठी ओलांडलेलं माणूस असेल तर हे आजच ठरवून ठेवा. 'अंगावरून वारं गेलं' म्हणून एकदा धावाधाव सुरू झाली की डोकं चालत नाही, आणि शेजारचा प्रत्येक जण वेगळा दवाखाना सांगतो.

कोल्हापुरात पहिला प्रश्न ठरलेला: सीपीआर, म्हणजे सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, की खासगी? बहुतेक जण त्याचं उत्तर मृत्यूंवरून काढतात, 'सरकारीत माणसं जास्त दगावतात' म्हणून. हा हिशोब फसवा आहे. सीपीआर हे मेडिकल कॉलेजचं रुग्णालय. तालुक्यांतून 'पुढे न्या' म्हणून पाठवलेले, उशीर झालेले, बेशुद्ध पेशंट अशाच रुग्णालयात येतात. उलट खासगीत पैसे संपले की नातेवाईक सही करून पेशंट हलवतात. पुढे तो गेला तर तो मृत्यू त्या दवाखान्याच्या खात्यावर पडत नाही. भरतीच्या आकड्यांचंही तसंच. सरकारीत पक्षाघाताचे पेशंट वाढले ते आजार वाढल्यामुळे असेल, लोकांचं आयुष्य वाढल्यामुळे असेल, किंवा पूर्वी घरीच पडून राहणारी माणसं आता दवाखान्यापर्यंत पोचतात म्हणूनही असेल. जगभरात 1990 ते 2021 या काळात वयाचा फरक काढून टाकून मोजलेला पक्षाघाताचा मृत्युदर उतरला, पण एकूण मृत्यू वाढले. 2021 मध्ये ते सुमारे 73 लाख होते. नुसत्या आकड्यावरून दवाखाना निवडू नका.

बघायचं ते एकच: दारातून आत गेल्यापासून इंजेक्शन मिळेपर्यंत किती वेळ जातो. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं हे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन हवाच. मेंदूत रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतेल. ताजं रक्त सीटीत पांढरं दिसतं. गुठळी असेल तर सुरुवातीला स्कॅन जवळजवळ नॉर्मल दिसू शकतो. तेव्हा 'रिपोर्ट नॉर्मल आहे' ऐकून माणसाला घरी आणू नका. वेळही नीट मोजा. वडील रात्री दहाला ठणठणीत झोपले आणि पहाटे सहाला हात उचलेना, तर डॉक्टर घड्याळ दहापासून धरतात.

म्हणून सीटी नसलेल्या जवळच्या दवाखान्यात सलाईन लावून बसण्यापेक्षा सीटी असलेलं ठिकाण गाठलेलं बरं. श्वास अडकत असेल, फिट येत असेल, शुद्ध हरपत असेल तर मात्र आधी जवळचाच दवाखाना. चंदगडकरांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव कितीतरी जवळ. तिथे राज्याची हद्द बघत बसू नका, फक्त सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड तिकडे चालतं का ते आधी विचारून ठेवा. गाडीचं म्हणाल तर 108 लाच पहिला फोन करा, वाटेत ऑक्सिजन आणि उपचार मिळतात. ती पोचायला फार वेळ लागणार असेल आणि दारात गाडी उभी असेल, तर पेशंटला कुशीवर झोपवून निघा. तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालू नका. गिळता येत नसेल तर ते फुफ्फुसात जातं.

खासगीची खरी जमेची बाजू मोठ्या रक्तवाहिनीतल्या गुठळीत दिसते. ती कॅथलॅबमध्ये, म्हणजे एक्स-रेवर बघत रक्तवाहिनीत तार घालायच्या खोलीत, तार घालून काढतात. 2015 च्या चाचण्यांनी या उपचाराचा फायदा सिद्ध केला, आणि निवडक पेशंटमध्ये तो 24 तासांपर्यंतही करता येतो. पण ते करणारा डॉक्टर त्या दवाखान्यात हवा, नुसती कॅथलॅब असून भागत नाही. एरवी रात्री सीटी आणि इंजेक्शन दोन्हीकडे मिळत असेल, तर मी सरकारीच निवडेन. कारण खर्च पहिल्या रात्रीत संपत नाही. पुढे महिनोन्‌महिने फिजिओथेरपी लागते, कुणीतरी काम सोडून घरी बसतं. साठवलेला पैसा तिथे लागतो, आणि तिथे तो संपलेला असला की माणूस खाटेवरच राहतो. हे पाहवत नाही.

या आठवड्यात दोन-तीन ठिकाणी फोन करा. रात्री दोनला सीटी होतो का? इंजेक्शन तुमच्याकडे असतं की चिठ्ठी देऊन बाहेरून आणायला लावता? योजनेत बसतं का? उत्तरं कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा. त्याखालीच घरातल्या माणसाच्या गोळ्यांची नावंही लिहा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर कॅज्युअल्टीत ते सगळ्यात आधी सांगायचं.