युयुनीचा एपीआय: चार गावांतील संगणकांचा कारभार फोंड्यातून

फोंड्यातील एका शिक्षणसंस्थेच्या संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. कार्यालय फोंड्यात आणि प्रयोगशाळा डिचोली, वाळपई व पेडणे येथे असल्यामुळे प्रत्येक ठिकाणी जाऊन सुरक्षा अपडेट बसवणे व्यवहार्य नव्हते. त्यासाठी आम्ही युयुनी ही एका सर्व्हरवरून अनेक संगणक सांभाळणारी मुक्त स्रोत प्रणाली वापरतो. रेड हॅट या कंपनीने 2008 मध्ये मुक्त केलेल्या स्पेसवॉक या अशाच प्रणालीपासून निघालेली ही शाखा 2018 मध्ये जाहीर झाली, तर मूळ स्पेसवॉकचे काम मे 2020 मध्ये थांबले. युयुनीला वेब पानेही आहेत, परंतु हे परीक्षण केवळ तिच्या एपीआयपुरते, म्हणजे स्क्रिप्टमधून (छोट्या प्रोग्राममधून) तिला हुकूम देण्याच्या सोयीपुरते आहे.

लॉगिन केल्यावर सर्व्हर एक सत्र-किल्ली देतो आणि पुढच्या प्रत्येक हाकेत, म्हणजे एपीआयकडे केलेल्या मागणीत, ती पहिला घटक म्हणून द्यावी लागते. या हाका एक्सएमएल-आरपीसी या पद्धतीने जातात, आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेत तिची सोय मुळातच असल्यामुळे वेगळे काही बसवावे लागत नाही. नोंदणीकृत संगणकांची यादी मागितली की प्रत्येकाचा क्रमांक, नाव आणि त्याने सर्व्हरशी शेवटचा संपर्क केल्याची वेळ मिळते. नावावरून क्रमांक शोधला तर उत्तर एका क्रमांकाऐवजी यादीच्या रूपात येते, आणि ते योग्यच आहे, कारण दोन प्रयोगशाळांत ‘लॅब-01’ असणे आपल्याकडे मुळीच दुर्मीळ नाही.

या एपीआयचा सर्वांत मोठा गुण, आणि नवख्याची सर्वांत मोठी गफलत, एकाच जागी आहे. अपडेट बसवण्याचा हुकूम दिला की तत्काळ कामाचा क्रमांक परत येतो. ती टपालाची पोच आहे, पत्र वाचल्याची खूण नव्हे. काम प्रत्यक्षात झाले की नाही, हे पूर्ण झालेल्या, चालू असलेल्या आणि फसलेल्या यंत्रांच्या याद्या त्या क्रमांकाने वेगवेगळ्या मागूनच कळते. पावसाळ्यात वाळपईकडे वीज गेलेली असताना याचे मोल कळते: जी यंत्रे प्रतिसाद देत नाहीत ती फसलेल्यांत दिसतात, आणि काम पुन्हा लावण्याच्या हाकेत ते केवळ फसलेल्यांसाठी लावण्याची सोयही आहे. ज्या स्क्रिप्टमध्ये ही विचारपूस नाही, तिच्यावर विसंबून ‘सर्व अद्ययावत’ असा अहवाल संस्थेला देऊ नये.

वेळेच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. एक्सएमएल-आरपीसीच्या तारखेत कालविभाग नसतो, त्यामुळे सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर रात्री दहासाठी लावलेले काम आपल्याकडे पहाटे साडेतीनला सुरू होईल, आणि त्या वेळी प्रयोगशाळेत चालू असतो तो फक्त पहारेकऱ्याचा रेडिओ. सर्व्हरचा कालविभाग आधी तपासून मगच वेळापत्रक लिहावे.

संगणकांची सर्व्हरशी जोडणी सॉल्ट या दूरस्थ हुकूम पोहोचवणाऱ्या प्रणालीमार्फत होते आणि ती संगणकाकडून सर्व्हरच्या 4505 व 4506 या पोर्टांकडे (नेटवर्कच्या क्रमांकित दारांकडे) जाते. शाखांमधील राउटरवर बाहेरून आत येणारी कोणतीही वाट उघडावी लागत नाही. वापरकर्त्याला एपीआयपुरते केवळ वाचनाचे अधिकार देता येतात, ही सोय मला विशेष आवडली, कारण अहवाल काढणाऱ्या स्क्रिप्टच्या हाती संगणक पुसण्याचा अधिकार असण्याचे काहीच कारण नाही.

एपीआयचे दस्तऐवज सर्व्हरच्याच पानांवर मिळतात. त्यांत घटकांचे प्रकार नेमके दिलेले आहेत, पण कोणत्या हाकेनंतर कोणती द्यावी याचे मार्गदर्शन अपुरे वाटते. आता एक्सएमएल-आरपीसीऐवजी जेसॉन या माहिती मांडण्याच्या सुटसुटीत स्वरूपाचा मार्गही उपलब्ध आहे. नवे काम सुरू करणाऱ्याने तोच धरावा. सर्व्हरला साधारण 16 जीबी मेमरी लागते, त्यामुळे एकाच खोलीतील मोजक्या संगणकांसाठी हा व्याप मी सुचवणार नाही. सर्व्हर आधीच असेल आणि स्क्रिप्ट लिहिण्याची सवय नसेल, तर त्याच एपीआयवर चालणारी स्पेसकमांड ही आज्ञावली रोजच्या कामाला पुरेशी आहे.