कोवळ्या होमर कबुतरांसाठी सरावाची गाडी: दोन हंगामांचा अनुभव

बेळगावहून होमर कबुतरे, म्हणजे लांब नेऊन सोडली तरी आपल्या ढाबळीत उडत परतणारी कबुतरे, सरावासाठी पुणे-बंगळूर महामार्गावर नेऊन सोडणाऱ्या एका गाडीची सेवा मी दोन हंगाम घेतली. करंडे हवेशीर आहेत, त्यांत दाटी केली जात नाही, आणि सोडण्यापूर्वी पाखरांना अर्धा तास शांत बसू देऊन पाणी ठेवले जाते. इतकी काळजी घेणारी माणसे आमच्या भागात विरळाच.

तक्रार आहे ती वेळापत्रकाची. काकती, हत्तरगी, संकेश्वर हे टप्पे योग्यच आहेत. परंतु जेमतेम पाच महिन्यांच्या पिल्लांनाही तिसऱ्याच आठवड्यात निपाणी ओलांडून कोल्हापूरला, म्हणजे रस्त्याने सुमारे 110 किलोमीटरवर, नेले जाते. पहिल्या हंगामात माझ्या 12 पिल्लांपैकी 5 परतली नाहीत. एक निळी मादी दुसऱ्या दिवशी दुपारी ढाबळीच्या फळीवर उतरली, तेव्हा तिच्या छातीचे हाड बोटाला धारेसारखे लागत होते आणि पंखातले नवे पीस अजून अर्धे नळीतच होते. या वयात प्रत्येक पंखाची 10 मुख्य पिसे आतून बाहेर एकेक करून बदलत असतात, अंगातली ताकद तिकडे खर्च होते, आणि अशा पाखराला रोज ताणले तर ते दुसऱ्या वर्षी उडण्याजोगे राहत नाही, असे माझे ठाम मत आहे.

यंदा मी पिल्ले संकेश्वरलाच उतरवून घेतली. सगळी घरी आली. दोन वर्षांच्या कबुतरांसाठी मात्र ही गाडी कोल्हापूरपर्यंत निर्धास्त वापरावी.