पाणी-व्यवस्थापनाचा ऑनलाइन कोर्स: सहा महिने शिकलो, सहा महिने वापरला

फोंड्यात 48 फ्लॅटच्या एका सोसायटीची देखभाल मी बघतो. गेल्या जूनमध्ये पाणीबचत आणि जलव्यवस्थापनाच्या एका ऑनलाइन कोर्सला नाव घातलं. फी 28,000 रुपये, मुदत सहा महिने. डिसेंबरात प्रमाणपत्र मिळालं आणि तेव्हापासून शिकलेलं रोजच्या कामात वापरतोय.

घरी आईनंच विचारलं होतं, "अरे, गोव्यात पाण्याला काय तोटा?" तिचंही बरोबर आहे. वर्षाला साधारण 3,000 मिलीमीटर पाऊस पडतो इथे. पण ऑगस्ट 2019 मध्ये केरी-खांडेपारला मुख्य जलवाहिनी फुटली, तेव्हा भर पावसात फोंडा आणि तिसवाडीचे नळ कोरडे पडले होते. छत्री धरून टँकरची वाट पाहिलेली माणसं आहोत आम्ही.

कोर्सचा सगळ्यात दमदार भाग म्हणजे पाण्याचा ताळेबंद. किती आलं, किती वापरलं, उरलेलं कुठे गेलं. आमच्याकडे साधारण 180 माणसं. माणशी 135 लिटर हा आपल्याकडचा शहरी निकष धरला तर दिवसाला 24,300 लिटर व्हायला हवेत. मीटर मात्र 34,000 दाखवत होता. मी इतकी वर्षं हा मीटर वाचत होतो, पण तो आकडा माणसांच्या संख्येशी कधी ताडून पाहिला नव्हता.

मग रात्रीची चाचणी केली. लोक झोपलेले असताना टाकीची पातळी उतरली, तर ती बहुतेक गळतीच. वरची टाकी 4 मीटर बाय अडीच मीटर, म्हणजे 1 सेंटिमीटर उतरलं की 100 लिटर गेले. पंप बंद ठेवून रात्री 1 वाजता आणि पहाटे 4 वाजता काठी बुडवून माप घेतलं. 9 सेंटिमीटर! तासाला 300 लिटर, दिवसाला 7,200. त्या पहाटे गच्चीवर उभं राहून मला अक्षरशः वाईट वाटलं.

चोर शोधायला कोर्सनं सांगितलेली युक्ती कामी आली. फ्लश टँकमध्ये रंग टाकायचा, वीस मिनिटं फ्लश करायचं नाही, खाली भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलेलं आहे. खायचा रंग संपला तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी कोकमाचं आगळ आणून दिलं. अर्धी वाटी टाकली, आणि पांढऱ्या भांड्यात बारीक गुलाबी रेघ उतरताना त्यांनी स्वतः पाहिली. त्यांना पुढे काही समजावावं लागलं नाही, उलट शेजारच्या दोन घरांत त्याच मला घेऊन गेल्या. एकूण 14 टँक गळके निघाले. पार्किंगखालच्या पाइपचा एक सांधाही पाझरत होता. दुरुस्तीनंतर तीन तासांत पातळी 2 सेंटिमीटर उतरते आणि रोजचा वापर 28,000 च्या आसपास आलाय.

आता तक्रारी. उदाहरणं बहुतेक कोरड्या देशांतली, हिरवळीला पाणी घालायची, तीही गॅलनमध्ये. 3.785 नं गुणून गुणून कंटाळा येतो. असाइनमेंट तपासून यायला एकदा पाच आठवडे लागले आणि विचारलेल्या शंकेला उत्तर आलंच नाही. इतकी फी घेऊन हे बरं नाही. शिवाय प्लंबरला किंवा सोसायटीच्या कमिटीला पटवायचं कसं, यावर जेमतेम एक व्हिडिओ.

पावसाच्या पाण्याचा धडा मात्र आपल्यासाठी खरंच अपुरा आहे. आमची गच्ची 600 चौरस मीटर. 3,000 मिलीमीटर पावसात तिच्यावर 18 लाख लिटर पडतात, 80 टक्के हाती लागले तरी 14 लाखांवर. पण ते बहुतेक सगळं चार महिन्यांत येतं, आणि टंचाई असते एप्रिल-मेमध्ये. एवढी टाकी बांधणार कुठे? कोर्स टाक्यांवरच रेंगाळतो. जांभ्या दगडात मुरलेलं पाणी किती टिकतं आणि किती बाजूच्या उतारानं निघून जातं, यावर त्यात अवाक्षर नाही. ते मला आमच्या भागातल्या एका जुन्या विहीर खोदणाऱ्याकडून समजून घ्यावं लागलं. त्याच्या सांगण्यावरून मे महिन्यात विहिरीपासून दहा पावलांवर खड्डा घेतला, तळाला मोठे दगड, वर खडी, त्यावर वाळू. गच्ची धुऊन निघावी म्हणून पहिल्या सरी गटारात जाऊ दिल्या. परवा पाइप खड्ड्याकडे वळवला आणि विहिरीच्या कठड्याच्या आत रंगानं खुणा मारल्या. आता दर रविवारी पातळी लिहितोय.