दोन फुटी फिश टँकचा तयार संच : सामान चांगले, सल्ला घातक

मागच्या नोव्हेंबरात पुण्याच्या पेठेतील शोभिवंत माशांच्या एका जुन्या दुकानातून आम्ही दोन फुटी फिश टँकचा तयार संच घेतला. मुलगी पाचवीत आहे आणि दिवाळीच्या सुट्टीत तिने धरलेला हट्ट मोडणे आम्हा दोघांनाही जमले नाही. आता पाच महिने झाले आहेत, त्यामुळे पहिल्या आठवड्यातला राग ओसरल्यावर लिहिलेले हे मत आहे. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तेथे जी विक्रीची पद्धत दिसली, तीच मी नंतर शहरातल्या आणखी तीन दुकानांत पाहिली.

संचात २४ × १२ × १२ इंचांची पाच मिलिमीटर काचेची टाकी, लोखंडी स्टँड, दिव्यासह हूड (वरचे झाकण), टॉप फिल्टर, ५० वॉटचा हीटर, ऑक्सिजनची मोटर, पाच किलो पांढरे खडे, प्लॅस्टिकची झाडे, मागच्या काचेला चिकटवायचे समुद्राचे चित्र आणि दोन लहान बाटल्या, एक अँटी-क्लोरीनची व एक निळ्या औषधाची, एवढे होते. घरपोच बसवून देण्यासह ६,८५० रुपये पडले. सुटे सामान घेतले असते तर सहज हजारभर रुपये जास्त गेले असते, हे मी नंतर भाव विचारून पाहिले आहे.

काचेच्या कामाबद्दल तक्रारीला जागा नाही. सिलिकॉनचे सांधे एकसारखे भरलेले आहेत, कडा घासलेल्या आहेत आणि पाच महिन्यांत एक थेंबही पाझरलेला नाही. बसवायला आलेल्या मुलाने टाकीखाली थर्मोकोल न विसरता घातले आणि स्टँड डगमगत नाही ना, हे पाणी भरण्यापूर्वी तपासले. ही टाकी काठोकाठ भरली तर साडेछप्पन लिटर पाणी घेते. खडे आणि वरची मोकळी जागा वजा केली की पंचेचाळीस लिटरच्या आसपास उरते. काच, खडे आणि पाणी मिळून वजन साठ-पासष्ट किलोंवर जाते, तेव्हा शोकेसच्या कप्प्यावर किंवा टीव्हीच्या टेबलावर ती ठेवण्याचा विचार कोणी करू नये.

अडचण सुरू झाली ती त्याच संध्याकाळी. दुपारी दोनला टाकी भरली, मुलाने दोन्ही बाटल्यांतले थोडे थोडे औषध टाकले, “काका, पाणी तयार आहे, चार वाजता मासे सोडा” असे सांगितले आणि तो गेला. पिशव्या आधीच भरून दिलेल्या होत्या : चार गोल्डफिश, सहा निऑन टेट्रा, दोन एंजल आणि काच साफ करणारा म्हणून एक सकर. रविवार आनंदात गेला. सोमवारी पाणी ताकासारखे पांढुरके झाले, मंगळवारी दोन निऑन फिल्टरच्या जाळीला चिकटलेले आढळले आणि गुरुवारपर्यंत सहाही निऑन आणि एक एंजल गेले. उरलेले मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करत होते. दुकानात फोन केला तेव्हा मालकांनी अगदी सहजपणे सांगितले, “साहेब, सुरुवातीला थोडे जातातच. सगळं पाणी काढा, खडे आणि फिल्टरचा कापूस नळाखाली स्वच्छ धुवा, नवीन मासे घेऊन जा.”

या एका वाक्यातला प्रत्येक सल्ला चुकीचा होता, हे कळायला मला आणखी आठवडा लागला. माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया साठतो. तो माशांना विषारी असतो. जुन्या, मुरलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर जिवाणूंची वस्ती असते. त्यांतले काही अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र त्या मानाने पुष्कळ सौम्य असून दर आठवड्याला थोडे पाणी बदलले की आटोक्यात राहते. नव्या कोऱ्या टाकीत ही वस्ती नसते. ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि कोणत्याही बाटलीतले निळे औषध ते काम दोन तासांत करत नाही. ते निळे औषध बुरशीवर आणि जखमांवर वापरायचे मेथिलिन ब्लू होते. उलट त्याने या उपयोगी जिवाणूंनाही इजा होऊ शकते. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली कापूस धुवायला सांगणे म्हणजे विरजण लागू लागलेल्या दुधाचे पातेले दर दिवसाआड घासून ठेवण्यासारखे झाले.

मी अमोनिया, नायट्राइट आणि पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) मोजण्याचे थेंबांचे किट मागवले. हे किट संचात नव्हते आणि दुकानातही नव्हते. अमोनियाच्या पहिल्याच चाचणीत नळीतले पाणी गर्द हिरवे झाले. रंगपट्टीवर तो आकडा लिटरमागे चार मिलिग्रॅमच्या जवळ येत होता. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट पीएचची होती. आमच्या नळाचे पाणी जेमतेम ७.२ भरते आणि टाकीतले मात्र ८ च्या वर गेले होते. कारण संचातल्या त्या पांढऱ्याशुभ्र खड्यांत सापडले. एक खडा ताटलीत घेऊन त्यावर लिंबू पिळले, तर खड्याच्या कडेने बारीक फेस आला आणि कानाशी नेल्यावर सोड्यासारखी चुरचुर ऐकू आली. तो संगमरवराचा चुरा होता. संगमरवर पाण्यात हळूहळू विरघळतो आणि पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचे, व अल्कधर्मी करत जातो. अमोनियाचा विषारी भाग पीएचवर अवलंबून असतो : २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी एक टक्काही विषारी रूपात नसतो, पीएच ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे जे पाणी माशांना कदाचित सोसले असते, ते केवळ शोभेच्या खड्यांमुळे कित्येक पट घातक झाले. हे वाचणाऱ्याने दुकानातून काहीच शिकून आणले नाही तरी चालेल, खड्यांवर लिंबू मात्र पिळून पाहावे. शंख-शिंपल्यांचेही हेच आहे.

उरलेल्या माशांपैकी गोल्डफिश एका परिचितांच्या बंगल्यातील सिमेंटच्या हौदात पोहोचवले. ते तेथे सुखाने आहेत. खरे तर गोल्डफिश हे थंड पाण्याचे, भरपूर घाण करणारे आणि वीतभराहून मोठे होणारे मासे. त्यांना उष्ण प्रदेशातल्या निऑनबरोबर दोन फुटांच्या टाकीत विकणे हेच मुळात गैर आहे. मालकांचा मूळ आग्रह तर आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश ईशान्य कोपऱ्यात ठेवण्याचा होता. भरभराटीची ती कल्पना चिनी फेंगशुईतली आहे आणि दिशेची आपल्या वास्तुशास्त्रातली. आमच्या पंचेचाळीस लिटरांत या मिश्रणाने भरभराट झाली असती ती फक्त अमोनियाची. सकर विकताना बोटाएवढा असतो, पण तो फूटभराच्या पुढे वाढतो. कंटाळलेली माणसे मग त्याला नदीत किंवा तलावात सोडून देतात आणि मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या या माशाने आपल्याकडच्या अनेक पाणवठ्यांत ठाण मांडले आहे. आमचा सकर आणि उरलेला एंजल मी दुकानालाच परत केला. त्यांनी तो कुरकुर न करता घेतला, हेही नोंदवायला हवे.

त्यानंतर रिकामी टाकी चालू ठेवली. खडे बदलून नदीतले करडे, गोलसर वाळूखडे घातले. ते दुकानदारांनी बदलून दिले आणि फरकाचे पैसे घेतले नाहीत. रोज चिमूटभर माशांचे खाद्य पाण्यात टाकत होतो, म्हणजे ते कुजून अमोनिया तयार होईल आणि जिवाणूंना खायला मिळेल. बाराव्या दिवशी कचेरीतल्या एका सहकाऱ्याने आपल्या दोन वर्षे जुन्या टाकीतला स्पंज आमच्या पाण्यात पिळून दिला. ते तपकिरी पाणी पाहून घरात नाके मुरडली गेली, परंतु तेच खरे विरजण होते. सोळाव्या दिवशी नायट्राइट दिसू लागले, एकोणतिसाव्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले. मुलीने कॅलेंडरवर हे आकडे रोज लिहिले आहेत आणि मासे नसलेल्या टाकीसमोर खुर्ची टाकून बसण्याचा संयम तिने माझ्यापेक्षा जास्त दाखवला.

आता संचातील उपकरणांविषयी. टॉप फिल्टर ठीक आहे. आवाज येतो, पण झाकण नीट बसवले की निम्मा होतो. कापसाच्या वरच्या थराखाली मी जाडसर स्पंजचा तुकडा घातला आहे, कारण कापूस बदलावा लागतो आणि त्याबरोबर जिवाणूही कचऱ्यात जातात. स्पंज फक्त टाकीतून काढलेल्या पाण्यात खळबळून घ्यायचा. फिल्टर रात्री बंद ठेवला तरी चालतो, असे दुकानात सांगितले होते. ते ऐकू नये, कारण जिवाणूंनाही ऑक्सिजन लागतो. हीटरवरचा आकडा मात्र विश्वासाचा नाही. २६ वर ठेवला असता वेगळ्या थर्मामीटरने पाणी २९ अंश दाखवले. संचात थर्मामीटर नाही आणि साठ-सत्तर रुपयांची ही वस्तू वगळून समुद्राचे चित्र का दिले, हे कोडे आहे. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीत हीटर लागतोच. आता एप्रिलमध्ये तो बंद आहे आणि दुपारी पाणी ३१ अंशांवर जाते. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यामुळे हूड थोडे उघडे ठेवून ऑक्सिजनची मोटर दिवसभर चालवतो. पाणी बदलताना हीटर आधी बंद करून दहा मिनिटे थांबावे. तापलेली नळी उघडी पडून मग गार पाणी लागले, तर काच तडकते. दिवा उजेडाला पुरेसा आहे. आठ तासांपेक्षा जास्त ठेवला तर शेवाळ धरते.

पाण्याबद्दल थोडे. आमच्याकडे महापालिकेचे पाणी येते आणि ते बऱ्यापैकी मऊ आहे. बादलीत दिवसभर उघडे ठेवले की क्लोरीन उडून जातो, घाई असेल तेव्हा संचातली अँटी-क्लोरीनची बाटली कामाला येते. ज्या सोसायट्यांत बोअरचे किंवा टँकरचे पाणी मिसळते, तेथे पाणी जड असते. त्यांनी निऑनच्या नादाला न लागता मॉली, प्लॅटी किंवा गप्पी घ्यावेत, कारण या माशांना जड पाणी मानवते. डासांच्या अळ्या खातात म्हणून पालिकेचे आरोग्य खाते डबक्यांत सोडते, तेच हे गप्पी. शोभेच्या जातीत त्यांच्या शेपट्यांचे पंखे होतात एवढाच फरक.

आम्ही पहिल्यांदा सहा झेब्रा मासे सोडले. हा निळ्या पट्ट्यांचा चपळ मासा मूळचा आपल्याच उपखंडातला असून फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतल्या माशांच्या वर्णनात त्याची नोंद केली. आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत पाळला जातो. नवख्या माणसाच्या बारीकसारीक चुका तो सोसतो. तीन आठवड्यांनी चार गप्पी घेतले, चारही नर, नाहीतर दोन महिन्यांत पिलांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला असता. त्या दुकानात लाल पट्ट्याचा डेनिसन बार्बही होता आणि मुलीचा जीव त्याच्यावर जडला होता. केरळ-कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या नद्यांत राहणाऱ्या आणि संकटग्रस्त ठरलेल्या या माशाच्या प्रजातीला २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी चक्क ‘सह्याद्रिया’ असे नाव दिले आहे. तो अर्ध्या फुटापर्यंत वाढतो आणि थव्याने वाहत्या पाण्यात राहतो. आमच्या टाकीत तो बसत नाही, हे तिला समजावताना सह्याद्रीचे नाव उपयोगी पडले.

संचाला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन : टाकी, स्टँड आणि फिल्टर यांना पूर्ण, हीटरला अर्धे, खड्यांना शून्य. दुकानाच्या सल्ल्याला गुण देण्याचा प्रश्नच नाही. टाकी जरूर तेथून घ्यावी, मासे त्या दिवशी घेऊ नयेत, खडे करडे मागावेत आणि चित्राऐवजी थर्मामीटर द्यायला सांगावे. आग्रह धरला की देतात. मालकांना मी हे सगळे जाऊन सांगितले. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “साहेब, महिनाभर रिकामी टाकी बघायला कोण तयार होतं? दुसऱ्या दिवशी लोक शेजारच्या दुकानातून मासे आणतात.” त्यात तथ्य असेलही. त्यांनी परत न घेतलेले उरलेले किलोभर संगमरवरी खडे सध्या आमच्या गॅलरीतल्या कोरफडीच्या कुंडीत आहेत, आणि तेथे ते चांगले दिसतात.