बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकारासाठी (भावना आणि नाती झपाट्याने पालटणारा मानसिक विकार) डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) घ्यावी की एमबीटी (मेंटलायझेशन-आधारित थेरपी)? आणि आधी कोणाकडे जावं?

आत्महत्येचे विचार आत्ता घोळत असतील तर ही तुलना बाजूला ठेवा आणि कुणाला तरी सोबत घेऊन तातडीच्या विभागात जा. खालचं सगळं त्यानंतर.

आधी मनोविकारतज्ज्ञ की थेट थेरपिस्ट? निदानाबद्दल शंका असेल, झोप-भूक पार बिघडली असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञ. बायपोलर (उन्माद आणि नैराश्याचे झटके येणारा विकार) आणि बॉर्डरलाइन यांची गल्लत सर्रास होते आणि औषधांचा हिशेब दोन्हीकडे वेगळा. बायपोलरमध्ये चढलेला मूड सलग काही दिवस टिकतो. सौम्य उन्मादासाठीही किमान 4 दिवस लागतात. बॉर्डरलाइनमध्ये मन काही तासांत पालटतं, आणि बहुधा कुणाशी तरी काहीतरी बिनसलेलं असतं. डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेनुसार बॉर्डरलाइनसाठी 9 पैकी 5 निकष जुळावे लागतात, तेही तरुणपणापासून आणि निरनिराळ्या प्रसंगांत. पंधरा मिनिटांत हे निदान हातात पडलं तर दुसरं मत घ्या.

औषधांकडून फार अपेक्षा नको. सोबत नैराश्य किंवा चिंता असेल तर त्यांचा उपयोग होतो, पण मूळ विकारावर खास असं औषध नाही. नुसत्या गोळ्या लिहून दिल्या आणि थेरपीचं नावही निघालं नाही, तर तो उपचार अर्धवट आहे.

आता थेरपी. डीबीटी तीव्र भावना सांभाळण्याची कौशल्यं शिकवते, एमबीटी स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याचा विचार करायला. समजा, संध्याकाळी मैत्रिणीला मेसेज केला, निळ्या टिका दिसल्या, उत्तर मात्र नाही. तासाभरात पंधरा मेसेज, मग शिव्या, मग स्वतःला इजा करण्याची ऊर्मी. डीबीटीचा थेरपिस्ट ही साखळी कडी-कडीने उलगडतो: दुपारी जेवलात का, टिका दिसल्या त्या क्षणी मनात काय आलं, कुठल्या कडीवर दुसरं काही करता आलं असतं? रोजच्या नोंदपत्रकात ऊर्मी 0 ते 5 मध्ये लिहायची असते. एमबीटीचा थेरपिस्ट त्याच संध्याकाळी दुसरीकडे थांबवतो: ‘ती तुम्हाला कंटाळली, हे तुम्हाला कसं कळलं?’ उत्तर पटकन आणि ठामपणे आलं की काम तिथूनच सुरू होतं.

म्हणून इजा, अतिमद्यपान, तोडफोड असं हातून घडत असेल तर माझा कौल डीबीटीला. आठवड्याला एक वैयक्तिक सत्र, शिवाय दोन-अडीच तासांचा कौशल्यवर्ग आणि अडचणीत फोन. कौशल्यांची एक फेरी साधारण 24 आठवड्यांची, ती बहुधा दोनदा होते. फोनचा नियम अनेकांना खटकतो: इजा करण्याआधी फोन करायचा, इजा केल्यानंतर 24 तास थेरपिस्टचा सल्ला फोनवर मिळत नाही, जीव वाचवण्यापुरता अपवाद. मदतीसाठी आधी इजा करावी लागते, ही सवय मोडायची असते. लागोपाठ चार सत्रं चुकली तर नाव कमी होतं. गृहपाठाचा तिटकारा असेल तर इथे गाडी अडते.

हातून तसं फारसं घडत नाही, पण प्रत्येक नातं ‘तिने मुद्दाम केलं’वर येऊन तुटतं, अशांना एमबीटी जास्त मानवते. ती साधारण दीड वर्ष चालते, गृहपाठ कमी, गटसत्रं मात्र असतात. स्कीमा थेरपी लहानपणापासूनच्या आकृतिबंधांवर काम करते आणि ती आणखी लांबते. नकाराच्या भीतीने माणसांना सतत टाळणाऱ्या व्यक्तिमत्त्वालाही ती चालते.

साधं समुपदेशन सोबतीला बरं, पण महिन्यातून एकदा मन मोकळं करणं म्हणजे यावरचा उपचार नव्हे.

‘आम्ही डीबीटी करतो’ असं बरेच जण सांगतात. कौशल्यवर्ग आहे का, थेरपिस्ट स्वतः सल्लागटात (एकमेकांना सल्ला देणाऱ्या थेरपिस्टांच्या गटात) बसतात का, हे विचारा. नुसतं श्वासाचे व्यायाम शिकवणं म्हणजे डीबीटी नाही. आणि थेरपिस्ट रजेवर असताना कोण बघणार, हेही पहिल्याच भेटीत विचारून घ्या. सोडून जाण्याची भीती हाच ज्या विकाराचा गाभा, त्यात ती दोन आठवड्यांची रजाच उपचार मोडायला पुरते.