बटण-सेलवरच्या ईसीजी चिपसाठी फिल्टर: आरसी, जीएम-सी की स्विच्ड कपॅसिटर?

जळगाव-धुळ्याकडे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला कोणी कमी विजेवर चालणारं ईसीजी फ्रंट-एंड (इलेक्ट्रोडवरचा क्षीण सिग्नल वाढवून गाळणारं सर्किट) घेतलं, की पहिला पेच फिल्टरचा. अॅम्प्लिफायरचा गेन, बायस, लेआउट सगळं त्याच्या मागून येतं, म्हणून आधी हेच ठरवा.

ॲक्टिव्ह आरसी (ऑप-अँप, रेझिस्टर आणि कपॅसिटरचा फिल्टर) लगेच बाजूला ठेवा. ईसीजीचा वरचा कटऑफ, म्हणजे ज्याच्या पुढची फ्रिक्वेन्सी फिल्टर अडवतो ती मर्यादा, १५० हर्ट्झ. चिपवर १० पिकोफॅरडचा कपॅसिटर परवडतो, पण त्याच्या जोडीला रेझिस्टर लागतो सुमारे १०६ मेगाओहमचा. तो चिपवर मावत नाही. मेगाहर्ट्झच्या कामाला आरसी चांगला, इथे नाही.

खरी चुरस उरलेल्या दोघांत आहे. जीएम-सीमध्ये रेझिस्टरऐवजी जीएम (व्होल्टेजमागे किती करंट मिळतो ते माप) काम करतो; त्याच १० पिकोफॅरडला ९.४ नॅनोसिमेन्सचा जीएम पुरतो. साधी डिफरन्शियल पेअर (दोन इनपुटमधल्या फरकावर चालणारी ट्रान्झिस्टरांची जोडी) वीक इन्व्हर्जनमध्ये, म्हणजे जेमतेम चालू, ठेवली, तर टेल करंट (जोडीचा एकूण करंट) ०.७ नॅनोअँपिअरच्या आसपास बसतो. याहून स्वस्त फिल्टर मला माहीत नाही. यावर नेहमीचा आक्षेप असा, की ही पेअर १५-२० मिलिव्होल्टच्या पुढे वाकते, म्हणजे सिग्नल विकृत करते, आणि १०० गेननंतर ईसीजीचा १ मिलिव्होल्ट १०० होतो. आक्षेप खरा आहे, पण फॉलोअर जोडणीत (आउटपुट परत एका इनपुटला जोडून) पेअरला पूर्ण सिग्नल दिसतच नाही. तिला दिसतो फक्त इनपुट-आउटपुटमधला फरक, म्हणजे चढाचा वेग गुणिले टाइम कॉन्स्टंट. क्यूआरएस (ईसीजीतला उंच टोकदार भाग) २० मिलिसेकंदांत १०० मिलिव्होल्ट चढला, तरी तो फरक ५ मिलिव्होल्टच्या घरात राहतो. ईसीजीपुरती ही भीती मनातून काढून टाका. पेअर उघड्यावर, फीडबॅकशिवाय वापरणार असाल तेव्हा मात्र ती बाळगा.

स्विच्ड कपॅसिटरमध्ये क्लॉकवर उघड-बंद होणारे स्विच आणि कपॅसिटर मिळून रेझिस्टरचं काम करतात. त्याची जमेची बाजू अचूकपणा. त्याचा कटऑफ क्लॉक आणि कपॅसिटरांच्या गुणोत्तरावर ठरतो, त्यामुळे प्रोसेस हलली (चिप बनवताना फरक पडला) तरी तो फारसा हलत नाही. ५० हर्ट्झचा नॉच (विजेच्या लाइनची गुणगुण काढणारा फिल्टर) चिपवरच हवा असेल तर हाच घ्या. जीएम-सीचा नॉच जागेवर राहत नाही. पण क्लॉक सतत चालू ठेवावा लागतो, ऑप-अँप प्रत्येक फेरीत स्थिरावा लागतो आणि त्याच्या आधी अँटी-अलायझिंग फिल्टर (सॅम्पलिंगमुळे खोटे सिग्नल येऊ न देणारा) लावावाच लागतो.

आता आपल्याकडचं ऊन. सिम्युलेटर न सांगता २७ अंशांवर चालतो, भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तिथे स्विचची गळती साधारण दर १० अंशांना दुप्पट होत जाते आणि संथ क्लॉकवर साठवलेला चार्ज ओसरतो. जीएम-सीला यावर सरळ इलाज आहे: बायस करंट तापमानाबरोबर वाढणारा, पीटॅट ठेवायचा. वीक इन्व्हर्जनमध्ये जीएम म्हणजे करंट भागिले थर्मल व्होल्टेज (आणि एक जवळपास स्थिर गुणक); दोन्ही सोबत वाढले की कटऑफ जागच्या जागी. स्थिर करंटवर तो ४५ अंशांना सहाएक टक्के घसरतो, ईसीजीला तेही चालून जातं.

मला जास्त काळजी अॅम्प्लिफायरमधल्या स्यूडो-रेझिस्टरची (ट्रान्झिस्टरने बनवलेला प्रचंड रोध) वाटते. इलेक्ट्रोडचा डीसी ऑफसेट (स्थिर व्होल्टेज) अडवायला तो लागतोच, पण उष्णतेत त्याचा रोध झपाट्याने पडतो आणि खालचा ०.०५ हर्ट्झचा कटऑफ वर सरकतो. मग एसटी सेगमेंट (क्यूआरएसनंतरचा भाग) वाकडा दिसतो, आणि डॉक्टर हार्ट अटॅकच्या खुणा तिथेच शोधतात.

म्हणून माझा कौल: वीक इन्व्हर्जनमधला जीएम-सी, पीटॅट बायस, नॉच डिजिटलमध्ये. आणि स्यूडो-रेझिस्टर ५५ अंशांवर तपासल्याशिवाय लेआउटला हात लावू नका.